न विचारता सगळं सांगणारा एजंट

डेमोत आमचा एजंट हरला आणि भाऊसाहेब खुर्चीतून उठलेच. "साहेब, तुमचा गडी समोरच्याला सामील हाय का?"

गोष्ट दोन हजारच्या दशकातली. अंबडला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. भाऊसाहेब द्राक्षं एक्स्पोर्ट करायचे, कोल्ड स्टोरेज मात्र दुसऱ्याचं. हंगामात गाडी कधी खाली करायची यावरून फोनवर रोज भांडणं. ती दोन प्रोग्रॅमनी भांडावीत, ही माझी आयडिया. आपल्या वतीने स्वतः ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे एजंट. त्याने नुसतं हो-नाही म्हणायचं नाही. कारण द्यायचं, समोरच्याचं कारण खोडायचं. याला आर्ग्युमेंटेशन म्हणतात. आमची ही याला संसार म्हणते.

आमच्या एजंटने सकाळचा स्लॉट मागितला. "द्राक्षं उन्हाने नरम पडतात." वा! पण लगेच स्वतःहून पुढे, "तशी गाडी शेडमध्ये आहे, दुपारपर्यंत निभेल." स्टोरेजच्या एजंटने तेवढंच उचललं आणि दुपार दिली.

बॉस म्हणाले, "सोमवारी शेवटचा डेमो. फसला तर प्रोजेक्ट बंद आणि तुझी टीमपण."

घरी हे सांगितलं, तर पोळ्या लाटता लाटता ही हसतच सुटली. "मला बघायला आलात तेव्हा बाबांनी फक्त नोकरी विचारली होती. तुम्ही घोरणं, ॲसिडिटी, बारावीला उडालेलं गणित, सगळं सांगून मोकळे!"

"मग काय खोटं बोलायचं?"

"खोटं कशाला? विचारेपर्यंत गप्प बसायचं!"

मी जेवण टाकून कॉम्प्युटरकडे पळालो. सापडलं होतं! एजंटने खोटं बोलायचंच नाही. पण कुठलं खरं कधी बोलायचं, हे ठरवायचं. प्रत्येक कारण काढण्याआधी तपासायचं, समोरचा हेच आपल्यावर उलटवेल का? उलटवणार असेल, तर विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

सोमवारी स्टोरेजचा एजंट म्हणाला, "सकाळी बेदाण्याची गाडी आहे."

आमचा म्हणाला, "बेदाणे थांबू शकतात. द्राक्षं नाजूक." आणि चक्क गप्प बसला!

स्क्रीनवर सकाळचा स्लॉट. मी टेबलावर हात आपटला, बॉसचा चहा सांडला.

"लय भारी!" भाऊसाहेबांनी हात पुढे केला. त्यांनी काहीही विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "फक्त लाइट गेली की हा सगळं विसरतो."

बॉसनी डोळे मिटले. भाऊसाहेब खदखदून हसले. "काम तुम्हालाच. पण इन्व्हर्टर तुमच्याकडनं."

एजंट पुढे कित्येक हंगाम चालला. कंपनीने मात्र नियम केला, क्लायंटशी बोलायला एजंटला पाठवायचं, मला नाही.