आमचा नॉर्मल माणूस

“आज त्याला बघायचं की नाही?” असं विचारत ते शर्टाची बटणं काढायला लागत. ‘त्याला’ म्हणजे स्वतःलाच. मग खाटेवर आडवे होत, सोनोग्राफी मशीनचा पडदा आपल्याला दिसेल असा वळवून घेत आणि त्यावर करडं काहीतरी हलायला लागलं की समाधानानं म्हणत, “आला. बरा आहे की.”

मी मूळचा साताऱ्याचा, पण गेली नऊ वर्षं चेन्नईतल्या एका हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. नेहमीच्या कामाखेरीज नव्या डॉक्टरांना खाटेशेजारची सोनोग्राफी शिकवण्याचं काम माझ्याकडे असतं. पेशंटला इकडून तिकडे न हलवता छोटं मशीनच त्याच्या खाटेशी न्यायचं आणि जागच्या जागी बघायचं: हृदय नीट आकसतंय का, फुप्फुसाभोवती पाणी आहे का, पोटात रक्त साठलंय का. हे पुस्तक वाचून येत नाही. हाताला वळण लागावं लागतं आणि त्यासाठी कुणाचं तरी पोट लागतं. आजाऱ्याच्या पोटावर वीस शिकाऊ हात फिरवणं काही बरं नव्हे. म्हणून एक धडधाकट माणूस लागतो. आमचा धडधाकट माणूस म्हणजे हे. नाव सांगत नाही. आमच्याकडे कुणी ते वापरतही नव्हतं, सगळे त्यांना मामाच म्हणत.

पासष्टीच्या पुढचे, सडपातळ. अंगावर चरबी नाही, त्यामुळे आतलं चित्र स्वच्छ यायचं. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. त्यांची मराठी ऐकून पहिल्यांदा मला हसू आलं होतं, शब्द आमच्या पणज्याच्या वेळचे आणि चाल तमिळ. त्यांनाही माझी मराठी ऐकून हसू आलं. “तुम्ही पेपर वाचल्यागत बोलता,” ते म्हणाले. फिट्टंफाट झाली आणि आमचं जमलं.

आमचा वर्ग सोनोग्राफीच्या खोलीत भरायचा आणि तिथे दिवे मंद ठेवावे लागतात. त्या अंधारात या गृहस्थांचं ‘तो’ ‘तो’ चाललेलं असायचं. “आज तो दमलाय.” “आज त्याला झोप नाही.” एकदा मी वैतागून म्हटलं, “मामा, ते तुमचंच लिव्हर आहे.”

“माझं म्हणता. मला न विचारता अस्कं काम करतो की तो.” ‘अस्कं’ म्हणजे सगळं. मग पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, “आपण त्याला बघतो. तो आपल्याला बघत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”

शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला मराठी कळत नव्हती, म्हणून तो बचावला. माझ्या मात्र अंगावर काटा आला, आणि तसा तो आल्याचा रागही आला. मी विज्ञानाचा माणूस आहे.

चार वर्षांत इतके हात त्यांच्यावरून फिरले की आपलं कुठलं इंद्रिय कुठल्या बरगडीखाली कसं दिसतं हे त्यांना पाठ झालं होतं. पोरगं चाचपडायला लागलं की ते त्याचं मनगट धरून प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा दांडा, बरोबर जागी नेऊन ठेवत. “मेल्ल, कण्णा, मेल्ल.” हळू, बाळा, हळू. कधी कधी त्यांना झोप लागायची, अगदी घोरायचे. आणि तुम्ही यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, झोपेतसुद्धा त्यांचा हात उठायचा, मनगट धरायचा आणि प्रोब दोन बोटं सरकवायचा. चित्र नेमकं यायचं. नवी पोरं भेदरून माझ्याकडे बघत. मी म्हणे, “सवय असते.” दुसरं काय सांगणार?

एका रविवारी नुंगंबाक्कमच्या बाजारात एक म्हातारा माझ्यासमोर उभा राहून हसत होता. मीही ओळख नसताना हसतात तसा हसून पुढे निघालो. मागून आवाज आला, “कपडे घातले की डॉक्टर ओळखत नाहीत.” मी ओशाळलो. या माणसाच्या हृदयाची झडप न् झडप मी डोळे मिटून कागदावर काढून दाखवली असती, पण उजेडात त्यांचा चेहरा मी नीट पाहिलेलाच नव्हता.

निवृत्तीआधी ते चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. तिथे एक नमुन्याचा भाग असे, त्याला ‘मास्टर’ म्हणत. मखमलीच्या डबीत ठेवायचा, रोज सकाळी पुसायचा आणि त्याच्याशी ताडून बाकीचा हजारोंनी निघणारा माल पास करायचा. “आता मी तुमचा मास्टर,” असं ते छाती फुगवून सांगत.

“आणि मास्टरच झिजला तर?” मी एकदा गमतीत विचारलं.

“काही कळत नाही,” ते म्हणाले. “अस्कं बरोबरच दिसतं.”

मग गेल्याच्या आदल्या पोंगलनंतरच्या तुकडीत काव्या आली. तिरुनेलवेलीची, अबोल, पडद्याला नाक लावून बघायची. मामांच्या उजव्या बरगड्यांखाली प्रोब ठेवून ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “सर, लिव्हरमध्ये काहीतरी गोल दिसतंय.”

मी दुसऱ्याच एका पोराला काहीतरी समजावत होतो. तिथूनच एक नजर टाकली. “पित्ताशय तिरकं दिसतंय. प्रोब वाकडा धरलायस. हा माणूस नॉर्मल आहे, याच्यात नसलेले रोग शोधू नकोस.” बाकीचे हसले. मामांनी तिचं मनगट धरलं. “त्याचं ते तसंच आहे, कण्णा. कोंजम, थोडं खाली ये.” आणि तिचा हात खाली, मूत्रपिंडाकडे नेला. तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. नंतर तिने तो विषय काढला नाही आणि मी तर विसरूनच गेलो.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आम्ही तीस-चाळीस शिकलेसवरलेले लोक त्या पोटाकडे आठवड्यातून दोनदा बघत होतो, पण खरं म्हणजे बघत नव्हतोच. आम्हाला ते पाठ होतं आणि आम्ही ते नुसतं म्हणून दाखवत होतो.

एप्रिलमध्ये एकदा वर्ग दुपारी लवकर सुटला. मामा शर्ट घालत माझ्याबरोबर व्हरांड्यात आले. ऊन रणरणत होतं. ते काहीतरी बोलायला माझ्याकडे वळले आणि मला त्यांचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे. त्या मंद दिव्यात किती दिवस ते तसे होते, कोण जाणे.

“मामा,” मी म्हटलं, “हे कधीपासून?”

“बघितलंत?” ते म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी दाखल केलं. सगळ्या तपासण्या झाल्या. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ होती आणि उपचारांची वेळ टळून गेली होती. काव्या बोलली तेव्हा मी ऐकलं असतं तर निदान काही महिने मिळाले असते का, असं मी आमच्या सर्जनना विचारलं. त्यांनी चहा घेणार का म्हणून विचारलं.

संध्याकाळी मी मामांच्या खाटेशी जाऊन बसलो. मला लाज वाटत होती आणि ती मी बोलून दाखवली. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “मला त्या पोरीच्या आधीपासून ठाऊक होतं. नवरात्रात तो गोळा बोराएवढा होता. मग लिंबाएवढा झाला. दर वेळी बघायचो की मी त्याला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो तर तुम्ही दुसऱ्या कोणाला निजवाल. घरी मी म्हातारा आहे, डॉक्टर. मुलगा म्हणतो जिना चढू नोको. सून विचारते, गोळी घेतली का. इथेच तेवढा मी नॉर्मल.” “म्हणून पोरांचे हात बाजूला नेत होतो. झोपेचं सोंग घेऊनसुद्धा नेले.”

रागवावं तर कुणावर?

“आता त्या अस्क्यांना बोलवा,” ते म्हणाले. “वाईट बघून चांगलं म्हणून शिकले ते. उद्या दुसऱ्याच्या पोटात तसंच दिसेल आणि हे म्हणतील, नॉर्मल आहे.”

मुलाला हे पसंत नव्हतं. मलाही नव्हतं. पण मामा हट्टाला पेटले होते. बुधवारी दुपारी त्यांच्या खाटेपासून वॉर्डाच्या दारापर्यंत डॉक्टरांची रांग लागली. कुणी दुसऱ्या हॉस्पिटलांतून आले, एकजण चेन्नईजवळच्या कोवलमच्या दवाखान्यातून बसने आला. सरकता पडदा ओढून घेतला होता. एकेकाने आत जायचं, प्रोब ठेवायचा. मामा मनगट धरून उजव्या बरगड्यांखाली नेत, श्वास रोखून धरत, आणि त्यांना दुखतंय हे सगळ्यांना दिसत असे. “दिसलं?” दिसलं म्हटलं की हात सोडून देत. त्या दिवशी त्यांनी स्वतः एकदाही मशीनकडे पाहिलं नाही.

काव्या आली तेव्हा मात्र त्यांनी तिचं मनगट धरलं नाही. तिला जागा माहीत होती. “नी सोन्नदु सरी,” ते तिला म्हणाले. तू म्हणालीस ते बरोबर होतं. तिने मान हलवली आणि बाहेर जाऊन खिडकीशी उभी राहिली.

शेवटी आत कुणी उरलं नाही. “डॉक्टर, आता तुम्ही,” ते म्हणाले.

मी प्रोब हातात घेतला, जेल लावलं, बरगड्यांखाली ठेवला. आणि माझा हात खाली सरकला. मी सरकवला नव्हता. मला गाठ बघायची होती, ती कुठे आहे हे ठाऊक होतं, पण हात आपला सराईतासारखा तिला वळसा घालून मूत्रपिंडाकडे जाऊन थांबला. पडद्यावर सगळं स्वच्छ, सुरेख, नॉर्मल. मी चार वर्षं या माणसावर शिकवत होतो असं समजत होतो, पण वळण माझ्याच हाताला लागलं होतं.

“नोको,” मामा म्हणाले. त्यांच्या बोटांत जोर नव्हता, तरी त्यांनी माझा हात वर ओढला. “हिकडे.”

मी पाहिलं.

ते अकरा दिवसांनी गेले. आता आम्ही दर तुकडीला वेगवेगळी माणसं निजवतो, आणि प्रत्येकाकडे आजारी असल्यासारखंच बघायचं असा मी नियम केला आहे. काव्या आता माझ्याबरोबर शिकवते. ती माझ्या हातावर लक्ष ठेवून असते, कारण त्या दिवशी तो कसा खाली सरकला हे तिला मी सांगितलं आहे. अजूनही कुणाच्या उजव्या बरगड्यांखाली प्रोब ठेवला की माझा हात आधी खाली जातो. दर वेळी जातो. मग मनगटाला एक हलकी ओढ बसते आणि तो वर येतो. ती ओढ माझी नसते, एवढं मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.