एकशे अडुसष्ट भागाकार

माझी आत्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. शिक्षण नववीपर्यंतचं, पण नजर अशी की तिच्या हातून साधा अनुस्वारही निसटायचा नाही.

एकदा गणिताच्या पुस्तकाची मुद्रितं आली. सतराव्या पानावर होतं: सहा अंकी सर्वांत मोठी मूळ संख्या ९९९९९७. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच पूर्ण भाग जात नाही. मागच्या उत्तरांत मात्र तीच ९९९९८३ झाली होती.

आत्या मालकांकडे गेली. "साहेब, सर्वांत मोठी एकच असणार ना? इथं दोन आहेत."

मालकांनी लेखकाला फोन लावला. ते प्राध्यापक होते आणि घाईत होते. "अहो, त्यातली मोठी ठेवा," म्हणाले नि फोन ठेवला.

"झालं तर मग," मालक म्हणाले. "आपण हमाल. दिलेलं ओझं पोचवायचं."

आत्याला ते पटेना. चुकीचं छापलं तर पोरं तेच घोकत बसणार. पुस्तकातच हजाराच्या आतल्या १६८ मूळ संख्यांची यादी होती. सहा अंकी संख्येचे दोन अवयव पडलेच, तर त्यातला धाकटा हजाराच्या आत असणार, हे तिला त्याच पुस्तकातून कळलं होतं. म्हणजे एवढ्यांनी भागून पाहिलं की पुरे.

जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला, रद्दी मुद्रितांची कोरी बाजू दुसऱ्या हाताला. रोज पंधरा भागाकार. खिळे जुळवणारे जुळारी चेष्टा करायचे, "बाई, काय भागलं का?"

"मी भागले, संख्या नाही भागली!"

नवव्या दिवशी, एकशे चौतिसाव्या भागाकाराला, ७५७ नं भागल्यावर बाकी शून्य आली. आत्यानं तीनदा पडताळलं. ७५७ गुणिले १३२१. मोठी म्हणून मिरवणारी संख्या मूळ नव्हतीच.

तिथं थांबली असती तरी चाललं असतं. पण दुसरी तरी खरी कशावरून? मधल्या संख्या झटपट निकालात निघाल्या: काही सम, काहींना तिनानं नाही तर पाचानं भाग जाणारा, एकीला सतरानं, एकीला एकोणिसानं. मग ९९९९८३ घेतली. या खेपेला एकशे अडुसष्टच्या एकशे अडुसष्ट भागाकार. शेवटचा ९९७ नं, बाकी ९८९. संख्या अभंग राहिली.

मालकांनी पुन्हा फोन केला, तसे प्राध्यापक स्वतः छापखान्यात आले. कागदांचा गठ्ठा उभ्याउभ्याच चाळला, मग खुर्ची ओढून बसले.

"चूक माझी आहे, बाई. तुम्ही माझी लाज राखलीत."

"ते असू द्या सर. पण या संख्या कुठं संपतात का?"

"नाही संपत. असतील नसतील तेवढ्या मूळ संख्या घ्या, सगळ्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. आता यादीतल्या कुणानंही भागा, बाकी एक उरणारच."

आत्याचा चेहरा उजळला. "म्हणजे यादीबाहेरची एखादी असतेच!"

"हे समजायला माझ्या विद्यार्थ्यांना आठवडा लागतो," प्राध्यापक म्हणाले.

त्यांची पुढची चार पुस्तकं त्याच छापखान्यात छापली गेली. प्रत्येक हस्तलिखितावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं असे: 'आधी बाईंना दाखवा.'