सायकलवरून बघितलेलं बदक

लामोंगानचे सर्मिदी एकतीस वर्षं एकच चित्र काढत आले होते. तळलेल्या मांगूर माशाच्या टपरीपुढे टांगायचा तीन मीटरचा पांढरा पडदा, त्यावर एक मांगूर, एक कोंबडा, एक बदक आणि टपरीचं नाव. रंग असे झगझगीत की संध्याकाळी मागे दिवा लागला की पोट भरलेल्या माणसालाही भूक लागावी. त्यांचे पडदे जकार्तापासून पापुआपर्यंत लटकत होते. सर्मिदी स्वतः सुराबायाच्या पलीकडे गेले नव्हते, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

पडदा वाळला की ते तो रस्त्याकडेच्या कुंपणावर टांगत, मोटारसायकल काढत आणि चाळीसच्या वेगाने त्याच्यासमोरून जात. मान वळवायची नाही, डोळ्याच्या कोपऱ्यात येईल तेवढंच. मग घरी येऊन बायकोला, रुमियातीला, काय काय दिसलं ते सांगायचं. तिन्ही प्राणी आणि नाव सांगता आलं तर पडदा गिऱ्हाइकाकडे जाई. नाही तर नवं कापड. या पद्धतीला सगळी गल्ली हसत असे, पण पडदा करून घ्यायचा झाला की सगळी गल्ली त्यांच्याकडेच येई.

त्यांची एकुलती एक मुलगी वेनिंग मालांग शहरात दोन मित्रांबरोबर गेम बनवत होती. याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत माणूस सरकारी नोकरीत कायम होतो, असं सर्मिदींचं मत होतं आणि ते दर ईदला जेवायच्या आधी ते मत मांडत. शेवटी यंदा बापलेकीचा करार झाला. पुढच्या महिन्यात गेमच्या ऑनलाइन दुकानात नव्या गेमचा आठवडा होता. तो संपेपर्यंत सात हजार लोकांनी वेनिंगचा गेम विशलिस्टमध्ये टाकला, तर एक प्रकाशक पुढचं बघणार होता. नाही टाकला, तर वेनिंग गेम सोडून सरकारी भरतीचा अर्ज भरणार होती. सर्मिदींनी तिला त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे नेलं. पांढरा सदरा, मागे लाल, नजर समोर, सहा प्रती. फोटो त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवले. हरवायला नकोत.

महिना उरला असताना आकडा अकराशेवर अडला होता. वेनिंग एका शनिवारी घरी आली ती त्यांच्या चित्रकाराला, गझालीला, बरोबर घेऊन.

"बापक, आमचं चित्र बघता का जरा?" ती म्हणाली. "दुकानात हेच दिसतं. लोक बघतात आणि पुढे जातात. उघडतच नाहीत."

गेम होता बदकं राखणाऱ्या एका विधवेचा. दोनशे बदकं, त्यातलं एक हरवतं, ते शोधायचं. नाव 'एक कमी'. चित्रात दोन ज्वालामुखी होते, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, धुकं, सूर्योदय, म्हातारी आणि एकशे नव्व्याण्णव बदकं, प्रत्येकाला स्वतःची सावली. नाव वेलींसारख्या बारीक अक्षरांत. दुकानात हे सगळं टपालाच्या तिकिटाएवढं दिसायचं.

"छान आहे," सर्मिदी म्हणाले.

आमच्याकडे कुणाचंही काहीही छानच असतं. मालांगमध्ये या चित्राला चौतीस जण छान म्हणाले होते. वेनिंगला ते मुळीच छान वाटत नव्हतं, पण गझालीने एकेक बदक हाताने रंगवलं होतं, त्याला सांगणार कोण? भिडेपोटी तिने त्याला चार तास बसमध्ये बसवून बापापुढे आणलं होतं. आता बापालाही भीड पडली.

सर्मिदींनी मग गझालीचं चित्र आणि दुकानातल्या आणखी एकोणीस गेमची चित्रं तिकिटाएवढ्या आकारात छापून आणवली. भाताच्या खळीने ती कुंपणाच्या भिंतीला चिकटवली आणि सायकल बाहेर काढली.

"बस मागे."

"मोटारसायकल नाही?" गझालीने विचारलं.

"चित्र लहान, म्हणून गाडी लहान."

भिंतीला चाटून एक फेरी झाली. "काय दिसलं?"

"हिरवं," गझाली म्हणाला.

"हिरवं काय?"

"नुसतंच हिरवं."

दुसऱ्या फेरीला निळं दिसलं. तिसऱ्या फेरीनंतर गझाली उतरला, भिंतीपुढे उभा राहिला आणि वडीलधाऱ्याला लावायचं 'पाक' लावून हळूच म्हणाला, "पाक सर्मिदी, यात माझं कुठलंय?"

"डावीकडे, तळाला. छान आहे."

गझाली त्या दिवशी फार जेवला नाही. पण पोरगा खरा होता. हात धुताना म्हणाला, "पाक, तुम्हीच काढा. बदक तुमच्या हातातलं आहे."

सर्मिदींनी एकच बदक काढलं, झगझगीत पिवळ्यावर, खाली नाव जाड अक्षरांत. गझालीने त्याचा फोटो काढून दुकानात चढवला. दोन दिवसांत गेम उघडून बघणारे चौपट झाले. रुमियातीने शेजारी केळ्याची भजी वाटली. तिसऱ्या दिवशी वेनिंगचा फोन आला.

"बापक, लोक येतायत, पण लगेच परत जातायत. विशलिस्ट हलत नाही. एकाने विचारलंय, सोबत संबलची चटणी हिरवी मिळेल की लाल?"

सर्मिदींनी आपलं बदक पुन्हा बघितलं. गुबगुबीत, चकचकीत, समाधानी, मान स्वयंपाकाच्या दिशेने. एकतीस वर्षांत त्यांनी काढलेलं प्रत्येक बदक खाल्लं जायला तयार होतं. लोक जेवायला म्हणून येत होते आणि आत त्यांना रडणारी विधवा भेटत होती.

"तुमचं ते बदक असतं तरी कसं?" त्यांनी विचारलं.

"सगळे त्याला घरी न्यायला बघतात, आणि त्याला जायचं नसतं. म्हातारीला ते शेवटी कळतं. मग सोडते ती त्याला."

"आणि गेम जिंकला कसा म्हणायचा?"

"तसाच, बापक."

सर्मिदींनी आठ दिवसांत अकरा बदकं काढली. भिंतीला लावली. रुमियाती बघून म्हणाली, "तिसरं दुपारी करू या."

बाराव्याच्या वेळी माप पुन्हा नीट जुळवावं म्हणून त्यांनी पाकिटातला वेनिंगचा एक फोटो काढला. तिकिटाएवढाच होता. खळ लावून तो इतर चित्रांमध्ये चिकटवला आणि सायकलवर बसले.

पहिल्या फेरीत त्यांना फक्त वेनिंग दिसली. दुसऱ्या फेरीतही. बाकी एकतीस चित्रं जणू भिंतीवर नव्हतीच. मागे सपाट लाल, पुढे एक चेहरा, बस. आणि तो चेहरा! पाकिटात त्यांनी तो रोज बघितला होता. कॉलर सरळ, केस बांधलेले, अगदी नोकरीला साजेशी. सायकलवरून जाताना, अनोळखी माणसाच्या नजरेला, दिसली ती स्टुलावर बसवलेली, मान ताठ धरलेली आणि डोळ्यांनी दार शोधणारी मुलगी.

सर्मिदींना फार वाईट वाटलं. फोटो काढताना ते फोटोवाल्याशेजारीच उभे होते, 'नजर समोर' असं दोनदा त्यांनीच म्हटलं होतं. ते सायकल धरून रस्त्यात उभे राहिले.

"चेन पडली काय हो?" शेजारणीने विचारलं.

"हो," सर्मिदी म्हणाले.

बारावं बदक त्यांनी लालवर काढलं. समोरून, मान ताठ, पिसं नीट बसवलेली, आणि डोळे जरासे बाजूला. खाली पांढऱ्या जाड अक्षरांत 'एक कमी'. मग खळीचं भांडं घेतलं आणि उरलेले पाच फोटोही भिंतीला लावून टाकले.

शुक्रवारी वेनिंग आली. चित्र बघून आधी हसली. "हे सरकारी भरतीला बसलंय का?"

"बसवलंय त्याला," सर्मिदी म्हणाले.

मग तिला भिंत दिसली. ती भिंतीजवळ गेली.

"बापक, माझे फोटो?"

"मापाला लावले."

"सहाच्या सहा?"

"माप नीट घ्यावं लागतं, पोरी."

"निघतील का?"

"भाताची खळ आहे. निघतात कसले?"

"आठवडा अजून सुरू पण झाला नाही. आकडा नाही झाला तर अर्जाला काय लावू?"

"फोटोवाल्याचं दुकान बंद झालंय."

कोपऱ्यावर दुकान उघडं होतं. दारात फोटोवाला खुर्ची टाकून चहा पीत होता आणि त्याने सर्मिदींना बघून हातही केला. वेनिंगने दुकानाकडे बघितलं, मग बापाकडे.

"कायमचं बंद?" तिने विचारलं.

"कायमचं."

तिने खाली वाकून त्यांचा रंगाने बरबटलेला हात कपाळाला लावला. एरवी ती ईदलाच लावायची. सर्मिदींनी दुसऱ्या हाताने फोटोवाल्याला उलट हात केला.

सात हजारांचा आकडा आठवड्याच्या पाचव्या दिवशी पार झाला. गझालीची एकशे नव्व्याण्णव बदकं गेमच्या पानावर आत मोठी लावली होती; तिथे ती खरोखरच छान दिसत होती. फोन आला तेव्हा सर्मिदी मकासरच्या एका टपरीचा पडदा रंगवत होते. तो पडदा दोन आठवड्यांनी परत आला. सोबत मालकाची चिठ्ठी होती: पाक सर्मिदी, मांगूर झकास, कोंबडाही झकास, पण बदक बघून गिऱ्हाईक बदक मागत नाही, ते बदला. सर्मिदींनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग नवं कापड घेतलं आणि बदकाच्या जागी दुसरा कोंबडा काढला.