क्लॅरिनेटवाल्याचं रक्त

समस्त वऱ्हाडी मंडळी, नवरदेवाचा घोडा आणि घोड्यामागची जनरेटरची हातगाडी, या सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, धुळ्याच्या एका नावाजलेल्या बँडचा पहिल्या नंबरचा क्लॅरिनेटवाला आजपासून खुळखुळा वाजवील. कारण कोणी विचारू नये. कारण सगळ्यांना माहीत आहे.

असं माइकवरून कोणी पुकारलं नाही. गरज नव्हती. सावद्याला भर बाजारात वरात थांबली होती. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, असे आम्ही दोन रांगांत उभे. बँडचे मालक नाना रांगेतून चालत माझ्यासमोर आले. खिशातून रुमाल काढला. रुमाल धरलेल्या दोन बोटांनी माझ्या हातातलं क्लॅरिनेट ओढून घेतलं. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात ना, तसं. दुसऱ्या हातातला खुळखुळा माझ्या छातीला टेकवला.

"हाई धर आते."

मी म्हणालो, "नाना, मी घरी जातो."

"एकवीस माणसं ठरेल शेतस. मोजणीत पाहिजे तू."

म्हणजे वाजवायला नको, पण मोजायला हवा. मी बत्तीस वर्षांचा होतो. चौदाव्या वर्षापासून क्लॅरिनेट तोंडाला. नवरदेवाची आत्या जवळ उभी होती. तिने पदर नाकाला लावला आणि लेकराला ओढून रस्त्याच्या पलीकडे नेलं. मी खुळखुळा वाजवला. खळ, खळ, खळ. वरात संपेपर्यंत.

आता हे झालं कसं, ते ऐका. आज सांगताना मला मजा येते. तेव्हा येत नव्हती.

पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. जळगावचं एक लग्न आटोपलं आणि दुपारी मी एका बाईकडे गेलो. एकदाच. तिचं नाव मी सांगणार नाही, तिनेही माझं विचारलं नव्हतं. दोष तिच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण पाय माझेच होते, चालत मीच गेलो होतो.

आठ दिवसांनी फोड आले. बारीक, पाण्याने भरलेले, झुपक्याने. अंगात कणकण, लघवीला आग. आमच्याकडे असा झुपका दिसला की नागीण म्हणतात, आणि गेरू लावणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावतात. पण माझी नागीण अशा जागी बसली होती की म्हाताऱ्याला काय दाखवणार?

धुळ्यात सगळे ओळखतात म्हणून जळगावला डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर खुर्चीतून उठला नाही. तिथूनच विचारलं, "कुठे गेला होतास?" मी सांगितलं. त्याने मान हलवली, चिठ्ठी लिहिली, घंटी वाजवली. फोड बघितलेसुद्धा नाहीत. रक्त द्यायला लॅबमध्ये गेलो. खिडकीतला माणूस चांगला होता. म्हणाला, "बाहेरगावचे आहात, पोस्टाने पाठवू. पत्ता सांगा."

आणि मी बँडच्या दुकानाचा पत्ता सांगितला.

मुद्दाम नाही. सवय. आमच्या गल्लीत पोस्टमन शिरत नसे. दुकानात त्याला चहा मिळायचा. म्हणून एकवीस जणांचं सगळं टपाल दुकानात. बहिणीची पत्रं, कोर्टाची तारीख, विम्याची नोटीस. तोंडातून तोच पत्ता निघाला, बँडच्या नावासकट.

आता दुकानाची रीत अशी की, बाहेरगावाहून लिफाफा आला म्हणजे सुपारी. सुपारी म्हणजे लग्नाचं बुकिंग. नाना तो फोडणार, वाचणाऱ्याला देणार, आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार. गाव, तारीख, किती माणसं. मग उद्या कोणी म्हणायचं नाही की मला माहीत नव्हतं. वाचायचं काम ट्रॉम्बोनवाल्या सुरेशकडे, कारण तो बारावी झालेला.

मी कोपऱ्यात क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती घासत बसलो होतो. सुरेशने वाचायला सुरुवात केली. माझं नाव. वय बत्तीस. पुरुष. मग अडखळत, "एच आय व्ही. नॉन रिअॅक्टिव्ह." मग, "व्ही डी आर एल. रिअॅक्टिव्ह. एकास दोन."

नाना म्हणाले, "तारीख कोनती? गाव कोनतं?"

सुरेशने कागद उलटा करून बघितला. "नाना, गाव नही शे. हाई रगत शे."

दुकानात त्या शब्दांचा अर्थ एकालाही कळत नव्हता. पण एसटी स्टँडच्या भिंतीवर ती पहिली तीन अक्षरं सगळ्यांनी वाचली होती. नाना म्हणाले, "एड्स." ढोलवाल्याने हातातला चहा खाली ठेवला, कारण माझाही चहा त्याच किटलीतला होता.

मी म्हणालो, "त्यात नॉन लिहिलंय."

"आते तू माले इंग्रजी शिकाडशी?"

मी पुन्हा जळगावला गेलो. डॉक्टरने कागद बघितला. "खराबी आहे. सवयी सुधारा." मी विचारलं, "कोणती खराबी साहेब? दोन्हींतली कोणती?" त्याने घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला. माझा प्रश्न तसाच टेबलावर राहिला.

मग सुरू झाला खुळखुळ्याचा सिझन. चैत्र, वैशाख. दुसऱ्या बँडात जावं म्हटलं तर अमळनेरपासून नंदुरबारपर्यंत बातमी माझ्याआधी पोहोचलेली. बँडवाले एकाच रस्त्यावर समोरासमोर भेटतात, उभ्या उभ्या सगळं सांगतात. क्लॅरिनेट नानांचं. कोट नानांचा. मला दुसरं काही येत नाही. सकाळी कोट चढवायचा, टेम्पोत सगळ्यांत मागे बसायचं, उन्हात खळखळ करायचं. माझी पत्रावळ वेगळी. पाणी वरून, ओंजळीत.

वरून पाणी माझ्या आज्याने प्यायलं होतं. लग्नघरी वाजवून झालं की मांडवामागे उकिडवं बसून, ओंजळ करून. बापाने त्यावरून एकदा भांडण केलं, मार खाल्ला, पण पेला मिळवला. मला वाटायचं, ते संपलं. आमच्याच माणसांनी ते माझ्यासाठी पुन्हा काढलं. वरच्यांकडून शिकलेलं इतकं नीट लक्षात राहतं.

आणि गंमत अशी की, मीही ओंजळ केली. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप जुळले.

घरी बायको. तिला मी सांगितलं नव्हतं. लांब झोपायचो, उन्हाचं निमित्त सांगायचो. ती नळावर गेली आणि बायांनी तिची कळशी बाजूला सरकवली. घरी येऊन दारात उभी राहिली.

"बठ्ठासले माहीत शे. मालेच नही."

मग सांगितलं. सगळं. दोन दिवस ती भाकरी करून ठेवायची आणि पाठ फिरवून बसायची. तिसऱ्या दिवशी चपला घालून म्हणाली, "चाल. सरकारी दवाखानामा जाऊ. मना रगत बी तपासू दे. मरनं व्हई तं समजीसन मरू."

सरकारी दवाखान्यात एका दारावर पाटी, त्वचा व गुप्तरोग. बाहेरच्या बाकावर सगळे जमिनीकडे बघत बसलेले. तिथे ओळखीचे पुष्कळ भेटतात, पण कोणी कोणाला ओळखत नाही. आत एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझा कागद घेतला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून फिरवला. इतक्या दिवसांत तो कागद माझ्याकडे कोणी फिरवला नव्हता.

"वाचा."

"इंग्रजी येत नाही, मॅडम."

"मग बोट ठेवा. मी सांगते."

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "ही एड्सच्या विषाणूची तपासणी. यात काही सापडलं नाही. पण तुम्ही त्या बाईकडे गेल्यावर किती दिवसांनी रक्त दिलं?"

"पंधरा."

"फार लवकर. लागण झाली असेल तरी रक्तात तिची खूण दिसायला वेळ लागतो. त्या दिवसापासून तीन महिने भरले की पुन्हा द्या. तोवर या ओळीवर हसू नका आणि रडूही नका."

दुसरी ओळ. "ही गरमीची, म्हणजे सिफिलिसची. रिअॅक्टिव्ह आहे, पण अगदी पुसट. मध्यंतरी ताप आला होता?"

"होळीच्या आधी. मलेरिया."

"मलेरियानेही असं पुसट येऊ शकतं. म्हणून नुसत्या या ओळीवर गरमी म्हणायचं नाही. खात्रीची तपासणी वेगळी असते, ती आज करू. दोघांचीही."

"आणि फोड?"

"फोड या कागदात नाहीतच. ते बघावे लागतात." त्यांनी हातमोजे घातले, पडदा ओढला, बघितलं. आत्तापर्यंत कोणी बघितलं नव्हतं आणि बोलले मात्र सगळे होते. "हर्पिस आहे. सुकत आलाय. पुन्हा येऊ शकतो, बहुतेक दर वेळी कमी जोराने. फोड असतील तेव्हा बायकोजवळ जायचं नाही. एरवी निरोध वापरा. फोड नसतानाही कधी कधी लागतो."

"माणूस मरतो का?"

"याने नाही."

"मॅडम, एक विचारू? क्लॅरिनेट वाजवता येईल?"

त्यांना कळेना. मी रुमालापासून खुळखुळ्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या मालकांना काय वाटतं, तुम्ही क्लॅरिनेट कशाने वाजवता?"

पडद्यापलीकडे माझी बायको फस्सकन हसली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा.

खात्रीच्या तपासणीत गरमी नव्हती. तिलाही नव्हती, मलाही. मग राहिले तीन महिन्यांतले उरलेले दिवस. ते दिवस मी कोणाच्या वाट्याला मागणार नाही. सकाळी उठलं की जीभ आरशात बघायची. खोकला आला की मोजायचा. बायको तारखांवर कोळशाने रेघा मारायची. फोड एकदा पुन्हा आले, पण आता मला त्यांचं नाव माहीत होतं. आषाढात रक्त दिलं. काही नव्हतं. मॅडमनी मराठीत लिहून दिलं, खाली सही, शिक्का.

मी तो कागद नानांपुढे ठेवला. नानांनी बघितलाही नाही. "कागद काय, कोनी बी देस."

पण मार्गशीर्षात लग्नं लागली आणि नवा क्लॅरिनेटवाला मंगलाष्टकांनंतरची धूनही बेसूर वाजवू लागला. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. एका सकाळी नानांनी क्लॅरिनेट माझ्यापुढे सरकवलं. "धर." एवढंच. चूक झाली नाही, वाईट वाटलं नाही. धर.

आणि मी काय केलं? मी त्यांचे पाय धरले. फोड सांगताना लाज वाटली नाही, हे सांगताना वाटते. ज्याने माझं हिसकावलं, त्याने ते परत सरकवलं म्हणून मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. घरी बायकोने विचारलं, "तुनी काय चोरी करी व्हती?" ती रात्रभर नाही, महिनाभर तेच विचारत राहिली. मग फैजपूरची वरात आली.

मोठ्या बागायतदाराचं लग्न. वरात रंगात आली की आमच्याकडे एक खेळ चालतो. पाहुणा नोटेची घडी करून आपल्या दातांत धरतो आणि क्लॅरिनेटवाल्यापुढे वाकतो. ती नोट बँडवाल्याने तोंडाने उचलायची. हात लावायचा नाही. ओठाला ओठ घासतो, वऱ्हाड खिदळतं. मी अठरा वर्षं उचलल्या. माझ्या बापानेही उचलल्या.

नवरदेवाचा मामा पुढे आला. सफारी, गळ्यात साखळी, दातांत नोट. खालच्या ओठावर पाण्याच्या फोडांचा झुपका. ओठावर असं आलं की आमच्याकडे म्हणतात, ताप मुतला. मॅडमनी सांगितलं होतं, तोही हर्पिसच. मी वाजवणं थांबवलं. माझ्यामागे ढोल थांबला, मग झांजा.

"भाऊ, नोट नवरदेवावरून ओवाळा आणि हातात द्या. तोंडातून घेणार नाही."

त्याने नोट दातांतून काढली. "काहून? आज काय झालं तुले?"

"तुमच्या ओठावर फोड आहे. याची लाज नाही, कोणालाही येतो. पण तो असताना दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावायचं नसतं. लहान पोरांच्या तर अजिबातच नाही. आणि फोड नसता तरी घेतली नसती."

"तुले डॉक्टर कोनं केलं रे, बँडवाल्या?"

नाना धावत आले. हात पुढे. "दे इकडे ते."

मी दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. वाद्य नानांचं असेल, तोंड माझं आहे, रक्त माझं आहे. यापुढे माझ्या रक्ताचा कागद मीच फोडणार, आणि त्यातली ओळ न् ओळ समजल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरच्या समोरून उठणार नाही. पाणी पेल्यातून पिणार. कोणाच्या दातांतलं काही उचलणार नाही, कोणाच्या पायांवर डोकं ठेवणार नाही. बँड सुटला तर हमाली करीन. हे मी मनात म्हणालो नाही. मोठ्याने म्हणालो, दोन रांगांसमोर, लाल कोटात.

मामाचं तोंड लाल झालं, त्याने हात उगारला. तेवढ्यात मागच्या जीपमधून नवरदेवाची आजी, जिला सगळे अक्का म्हणत होते, ती काठी टेकत खाली उतरली. गर्दीतून वाट काढत आली, मामाची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, ओठ बघितला आणि भर रस्त्यात बोलून गेली, "मेल्या, आन् सकाळपासून याच तोंडानं माह्या पणतूचे मुके घेऊन ऱ्हायला तू."