विहीर कुणाच्या घराखाली

सत्यशीला मूळची पोखर्णीची. लग्नानंतर परभणीत भाड्याच्या खोल्या बदलत राहिली आणि १९८४ साली तिचं स्वतःचं घर झालं, शहराबाहेर, नव्या कॉलनीत. नवरा दिनकरराव सरकारी कचेरीत कारकून. कॉलनीची जागा म्हणजे आदल्या वर्षापर्यंत ज्वारीचं रान. मालक माधवरावांनी बांध मोडले, झाडं तोडली, दगड रोवून प्लॉट पाडले, आणि बघता बघता तिथं घरं उभी राहिली.

पहिल्याच उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. काळी माती उन्हात फाटते हे सत्यशीलेला ठाऊक होतं. माहेरच्या रानातल्या भेगांत तिचा हात कोपरापर्यंत जायचा. पण त्या भेगांवर कुणी चूल मांडून बसलं नव्हतं. दिनकररावांनी तड्यात सिमेंट भरलं आणि विषय संपला.

एका दुपारी आश्रुबा पाणी मागायला दारात आला. तो या रानात सालगडी होता. रान विकल्यावर इथल्याच बांधकामांवर राखण करायचा. तांब्या रिकामा करून तो म्हणाला, "हितं पानी मागून प्यायची येळ आली. ह्याच रानात दोन मोटंची हीर व्हती, बाई. लय पानी."

"कुठं होती?" सत्यशीलेनं सहज विचारलं.

आश्रुबा उठला. कोपऱ्यापर्यंत गेला, वळून घरांकडे बघितलं, परत आला. "लिंबापशी व्हती. आता लिंब बी न्हाई अन् बांध बी न्हाई. घरंच घरं झाली. मला वळखूच येईना."

"बुजवली ना पण?"

"बुजवली की. तुराट्या, पाचट, पडक्या घराची माती, हाती लागंल ते लोटलं. वरून मुरूम टाकला."

एवढं बोलून तो कामावर गेला. सत्यशीला उंबऱ्यावर तशीच उभी राहिली. घरात पाऊल टाकायचं तिला सुधरेना.

त्या दिवसापासून ती भिंतीला धरून चालायला लागली. पाण्याचे हंडे खोलीच्या मधून उचलून कडेला नेले. छोटी लेक पद्मजा घरात उड्या मारायला लागली की ती तिला उचलून अंगणात नेऊन ठेवायची. मिरच्या कुटताना उखळाचा आवाज पोकळ आला असं वाटून तिनं कुटणंच सोडलं. मग बत्त्यानं एकेक शहाबादी फरशी ठोकून बघितली. काही भरीव वाजल्या, काही पोकळ. घर बांधणाऱ्या गुत्तेदारानं खाली माल नीट भरला नव्हता म्हणून, की आणखी कशानं, हे तिला कोण सांगणार?

तिनं दिनकररावांना सांगितलं.

"बाहेर बोलू नको," ते म्हणाले. "उद्या घर विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक मिळणार नाही. अन् आपल्या खाली नसंलच."

त्याच संध्याकाळी त्यांनी आपली बाज भिंतीकडे सरकवली. सत्यशीलेनं ते पाहिलं आणि तिचा धीर आणखीच खचला.

दिनकरराव माधवरावांना भेटून आले. विहीर दगडासारखी पक्की बुजवलीय, असं माधवराव म्हणाले होते. नेमकी कुठं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

टँकरची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांत सत्यशीलेला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. मग घरोघर फरश्या वाजायला लागल्या. विहीर आपल्या घराखाली नाही, शेजाऱ्याच्या खाली आहे, यासाठी प्रत्येकाला काही ना काही कारण सापडलं. त्यावरून भांडणं झाली, बोलणी बंद झाली. एक बिऱ्हाड तर घराला कुलूप लावून परत भाड्याच्या खोलीत गेलं. सत्यशीलेच्या लगतच्या घरातली विमला फक्त एवढंच म्हणाली, "माझी सासू अंथरुणाला खिळलेली. मी कुठं जाऊ?"

दोन उन्हाळे गेले. काही झालं नाही. लोक विसरायला लागले. सत्यशीला विसरली नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात श्रावणातली झड लागली. तिच्या आणि विमलाच्या घरामधल्या बोळात अशा वेळी नेहमी घोट्याएवढं पाणी तुंबायचं. त्या सकाळी पडवीतून सत्यशीलेनं पाहिलं तर बोळात पाणीच नव्हतं. विमलाच्या भिंतीच्या बुडाशी वाटीएवढं भोक पडलं होतं आणि पाणी गोल फिरत आत जात होतं. आवाज नाही, काही नाही. ती बघत राहिली. भोक आपल्या भिंतीकडे नाही, हे आधी तिच्या मनात आलं. मग विमलाची अंथरुणावरची सासू आठवली. पद्मजा शाळेत होती, दिनकरराव कचेरीत. ती पावसातच विमलाकडे धावली.

विमला भाकरी थापत होती. "विमल, ऊठ. सासूबाईंना बाहेर काढ. जमीन पाणी प्यायलीय."

विमलानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तवा तसाच टाकून उठली. सासू पार्वतीबाई आतल्या खोलीत बाजेवर होत्या. दोघींनी बाज उचलली, पण ती दारातून जाईना. आडवी केली, तिरपी केली, तरी अडकलीच. पार्वतीबाईंनी चौकट घट्ट धरली. "मला हितंच ऱ्हाऊ द्या. बाहेर न्हाई जायचं."

तेवढ्यात कोपऱ्यातली परात आपोआप घसरत भिंतीकडे गेली. फरशी कलली होती.

सत्यशीलेनं म्हातारीची बोटं एकेक करून सोडवली. वाकळीत गुंडाळून दोघींनी तिला ओढत ओसरीवर आणलं, तिथून चिखलातून रस्त्यावर. मागं वळून बघतात तर आतल्या खोलीची भिंत कोसळली नाही. उभीच्या उभी खाली उतरत गेली. पत्रे वाकले. मग पोटात ढवळावं तसा आवाज जमिनीतून आला, आणि खोली होती तिथं खड्डा दिसला. बाज आत गेली. सत्यशीलेनं वाकळ पार्वतीबाईंच्या डोक्यावरून ओढली.

विमलाचं बिऱ्हाड सत्यशीलेकडेच राहिलं. माणसं दाटीनं निजत, आणि सगळ्यांचे कान जमिनीकडे. अख्खी कॉलनी माधवरावांच्या दारात जाऊन बसली, तेव्हा कुठं त्यांनी विमलाला दुसऱ्या टोकाचा प्लॉट दिला. पाऊस उघडल्यावर विहीर उपसली. कुजलेलं पाचट, चपला, मेलेली कुत्री, विटांचे तुकडे निघाले. वास महिनाभर गेला नाही. खाली मात्र पाणी होतं. टँकरसाठी भांडलेल्या बायका काठावर उभ्या राहून ते काळं पाणी बघत राहिल्या.

विहीर पुन्हा भरून प्लॉट करावा, असं काहींचं म्हणणं पडलं. माधवराव तयारच होते. तेव्हा बैठकीत कधी न बोललेली सत्यशीला बोलली. "उघडी राहू द्या. कठडा बांधा. दिसत असली म्हणजे मला झोप तरी लागंल."

कठडा बांधला. पाणी हळूहळू धुण्या-सारवण्यापुरतं निवळलं. ते प्यायचं धाडस कुणी केलं नाही.

पुढं कॉलनीपलीकडची रानंही विकली गेली, नवीन घरं झाली. वास्तुशांतीचं बोलावणं आलं की सत्यशीला जायची, पण उंबऱ्याबाहेर थांबून आधी विचारायची, "इथं पूर्वी काय होतं?" काही जणांना ते अपशकुनी वाटायचं. बहुतेकांना ठाऊकच नसायचं. मग ती हळदकुंकू दारातच लावून घ्यायची आणि तिथूनच परतायची.