दारू न पिता सोडली त्याची गोष्ट

पंचेचाळिशी उलटली आणि माझं तोंड लाल व्हायला लागलं. आधी नाकाचा शेंडा, मग दोन्ही गाल. परंड्याच्या उन्हात कुणाचंही तोंड लाल होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण थंडीतही लाली हटेना, उलट गालांवर बारीक तांबड्या शिरा दिसायला लागल्या. मी शाळेत गणित शिकवतो. चहा सोडला तर मला कसलंही व्यसन नाही, सुपारीसुद्धा खात नाही. हे मला ठाऊक आणि बायकोला ठाऊक. गावाला ठाऊक नाही, हे मला फार उशिरा कळलं.

एके दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि दार लावलं.

"सर, घरी काही त्रास?"

"नाही हो."

"असला तरी शाळेच्या वेळात नको. एवढंच."

काय नको, ते मी घरी येऊन बायकोला विचारलं. ती आधी पोट धरून हसली, मग तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "म्हणून काय परवा भाजीवाली मला म्हणत होती, तुमीच लई सोसलं बाई!"

दुसऱ्याच रविवारी तिनं मला बार्शीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी भिंगातून माझं नाक बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घेता का?" मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "न घेताच एवढे लाल आहेत."

त्वचेचा आजार निघाला. लेझर मारला की शिरा बुजतात, पण पथ्य कडक. ऊन नको, तिखट नको, गरम चहा नको. "म्हंजे परंड्यात राहू नका, असंच सांगा की," बायको म्हणाली. जाता जाता बाईंनी माझ्या कपाळाकडं बोट केलं. हवं तर या सुरकुत्यांचंही करता येईल, इंजेक्शन असतं. बायकोनं ठाम नकार दिला. "त्या राहू द्या. त्या मी पाडल्यात."

लेझर म्हणजे गालावर कुणीतरी रबर ताणून ताणून सोडावं तसं लागतं. पहिल्या खेपेला उठलो तेव्हा तोंड सुजून जांभळं पडलं होतं. चार दिवसांत उतरेल म्हणाल्या. परतीच्या एसटीत मी तोंडाला उपरणं गुंडाळून बसलो. आमच्या गल्लीतल्या एक मावशी शेजारच्या सीटवर होत्या. वाऱ्यानं उपरणं सरकलं, तशा त्या बायकोच्या कानाशी लागल्या, पण आवाज सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढा. "पिऊन पडले व्हय? का कुणी हाणलं?"

"डॉक्टरनं हाणलं," बायको म्हणाली.

तीन खेपा झाल्या आणि चेहरा खरंच निवळला. मी रोज सकाळी पांढरं क्रीम फासून, छत्री उघडून शाळेत जायचो आणि चहा बशीत गार करून प्यायचो. लोक मला थांबवून हात हातात घ्यायला लागले. मला वाटलं, चेहऱ्याचं कौतुक आहे. मग तरुण मंडळाचा अध्यक्ष दोघांना घेऊन घरी आला.

"सर, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवलाय. तुमचा सत्कार करायचाय."

"माझा? कशाबद्दल?"

"सोडली म्हणून."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. शिरा, लाली, लेझर. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि डोळे मोठे करून विचारलं, "लेझरनं दारू सुटती व्हय?"

आठवडाभरात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज तापलेला होता. "गुरुजी, तुम्ही गावात काय सांगितलंय? सकाळपासून तीन बाया नवऱ्यांना धरून घेऊन आल्यात. एक तर खुर्चीवरून उठायला तयार नाही."

सत्काराला मी गेलो ते एकदाचा खुलासा करून टाकायचा म्हणूनच. शाल घातली, नारळ दिला, माईक हातात आला. मी स्वच्छ सांगितलं, "मी आयुष्यात दारूच्या थेंबालाही शिवलेलो नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, "बघा, मागचं आठवायचंसुद्धा नाही. असा निर्धार पाहिजे!" मी खाली बसलो.

स्टेजवरून उतरल्यावर ढोकीच्या साखर कारखान्याकडं उसाचा ट्रॅक्टर चालवणारा एक माणूस माझी वाट बघत उभा होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली. म्हणाला, "गुरुजी, म्या वीस दिस झालं सोडून. हात लई कापत्यात. तुमचं किती दिसांनी थांबलं?"

खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. त्यानं दोन्ही हात पुढं केले होते, ते थरथरत होते. मी म्हणालो, "दीड महिना. पण सरकारी दवाखान्यात दाखवून घे, गोळ्या देतात." तो पाया पडला. खोटं बोलल्यावर कुणी पाया पडण्याची माझी ती पहिलीच वेळ.

त्यानं गोळ्या घेतल्या आणि हात थांबले. दीड महिन्याच्या आधीच थांबले, असं तो पेढे घेऊन सांगायला आला.

उन्हाळ्यात माझी लाली परत आली. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा आजार दाबता येतो, कायमचा जात नाही. पण गावाला ते कुठं माहीत? मंडळाच्या अध्यक्षानं मला बघून मान फिरवली. मुख्याध्यापकांनी पुन्हा दार लावलं. लेझरनं सुटलेली टिकत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंकडंही गावातलं कुणी फिरकेना.

एवढ्यात एका संध्याकाळी ट्रॅक्टरवाला घरी आला. बराच वेळ माझ्या नाकाकडं बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "हुतं गुरुजी. घसरतं माणूस. म्या हाय न्हवं?"

तेव्हापासून हंगाम नसला की तो दिवेलागणीला येतो आणि मी जेवून आडवा होईपर्यंत ओसरीवर बसून राहतो. मी बाहेर जायला चप्पल घातली की तोही उठतो. बायको त्यालाही ताट वाढते. मी दोनदा खरं सांगायला गेलो. दोन्ही वेळा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आज न्हाय ना घेतली? मग बास."

खरंच घेतली नव्हती. मी हो म्हणालो.