चाळीस टक्क्यांची शाळा

मतिमंद मुलांच्या शाळेत काम केलं की पगार साठत नाही, किस्से साठतात. माझ्याकडे आता इतके झालेत की चहाला कुणी आलं की एखादा तरी बाहेर पडतोच. मैत्रिणी हसतात, मग मध्येच हसायच्या थांबतात आणि म्हणतात, "अगं, तू हे हसत कसं सांगतेस?" आता काय करू? रडत सांगितलं तर चहाला तरी येईल का कुणी?

आमची शाळा शहापूरहून मुरबाडकडे येताना लागायची, भातशेताच्या कडेला. निवासी शाळा. विशे सर हेडमास्तर, मी शिक्षिका, मुलांचं न्हाणंधुणं आणि जेवण बघायला ठमामावशी. आणखी एखादा शिक्षक असायचा, टिकेल तोवर. तेव्हा सगळे 'मतिमंद'च म्हणायचे, आम्हीसुद्धा. आता बरे शब्द आलेत.

*

सगळ्यात आधी सोमीचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सोमी वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. आली तेव्हा माझ्या कमरेएवढी होती. एक शब्द बोलायची नाही. घोट्याला मात्र काळा वळ. तिच्या आईचं नाव बुधी. नवरा वारलेला, घरात दुसरं माणूस नाही. सकाळी बुधी रानात मोळीला जायची, नाहीतर कुणाच्या शेतावर मजुरीला. सोमीला मोकळी सोडली तर ती चालत सुटायची, एकदा दरीच्या तोंडाशी सापडली. म्हणून बुधी तिला घरातल्या मेढीला, मधल्या खांबाला, दोरीनं बांधून जायची.

मी घोट्याकडे बघितलं ते बुधीच्या लक्षात आलं.

"सैल बांधते बाय मी," ती म्हणाली. "लागत नाय तिला."

विशे सरांनी त्याच दिवशी सोमीचं नाव पटावर घातलं. तेव्हापासून शाळेचं काही वाईट व्हायची वेळ आली की मला आधी तीच आठवायची. शाळा बंद पडली तर बाकीची मुलं घरी गेली असती. सोमी मेढीला गेली असती.

*

मग अपंगांसाठीचा नवा कायदा आला. आम्ही पेढे वाटले! खरंच वाटले. पेढे संपले आणि परिपत्रकं सुरू झाली. मान्यतेचं नूतनीकरण, खोलीचं माप, दरवाजाची रुंदी आणि रॅम्प. रॅम्प नसेल तर मान्यता नाही.

विशे सर जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन म्हणाले, "साहेब, आमची मुलं चालतात. चालतात कसली, पळतात! पळतात हाच तर आमचा प्रॉब्लेम आहे!"

"नियम आहे," साहेब म्हणाले.

संस्थेकडे पैसे नव्हते. गावातल्या गवंड्यानं कुणाच्या तरी घराच्या कामातून उरलेल्या सिमेंटवर रॅम्प करून दिला. त्यानं जन्मात रॅम्प केला नव्हता. जिथं जमीन सोपी सापडली तिथं केला, म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला. तिथं दार नव्हतं. दार पुढच्या वर्षी पाडू, ग्रँट आली की, असं ठरलं.

इन्स्पेक्शनला साहेब आले. रॅम्पच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी वर भिंतीकडे बघितलं. "हा कुठं जातो?"

विशे सर म्हणाले, "मान्यतेकडे, साहेब."

साहेब हसले आणि त्यांनी बरोबरची खूण केली. दार कधीच पाडलं नाही. ठमामावशी पुढं कित्येक वर्षं त्या रॅम्पवर मिरच्या वाळवायच्या.

*

ग्रँट यायची ती मार्च संपता संपता, आली तर. तोवर किराणा उधार आणि आमचे पगार देवाच्या भरवशावर. मुरबाडचा दुकानदार भला माणूस होता, पण त्यालाही पोरंबाळं होती. एका वर्षी त्यानं डाळ द्यायची थांबवली, आणि ठमामावशी भाताच्या पेजेत मीठ-मिरची घालून मुलांना सांगायच्या, आज सण आहे, आज पेज!

त्याच वर्षी आमच्यातला एक शिक्षक सोडून गेला. चांगला ट्रेनिंग घेतलेला, मुलं त्याला चिकटून असायची. कसाऱ्याजवळ हायवेवर एका ढाब्यावर त्यानं गल्ल्यावर बसायची नोकरी धरली. काही महिन्यांनी तो भेटायला आला. अंगानं भरला होता. ओशाळून म्हणाला, "काय करणार सर... तिथं रोज जेवण मिळतं."

ठमामावशींनी तोंड फिरवलं. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्या अंगावरच्या धुतलेल्या शर्टाचा हेवाही वाटत होता.

विशे सरांनी शांतपणे विचारलं, "अजून जागा आहे का रे तिकडं?"

*

मध्येच एका वर्षी हुकूम आला की मुलांना नुसतं शिकवू नका, व्यवसाय शिकवा. आम्ही मेणबत्त्या घेतल्या. साचे आणले, मेण आणलं. सोमीचा हात त्यात इतका बसला की वाती तीच लावायची, एकही वाकडी नाही.

इन्स्पेक्शनला साहेबांनी विचारलं, "विक्री किती झाली?"

विक्री शून्य. त्या वर्षी आमच्याकडे लाइट दिवसाला किती वेळ असायची हे विचारूच नका. मुलांनी केलेल्या सगळ्या मेणबत्त्या मुलांनाच जेवायला वाढताना जळाल्या.

मी म्हटलं, "साहेब, गिऱ्हाईक पक्कं आहे. पैसे तेवढे देत नाही."

साहेबांनी शेरा मारला: उपक्रम स्वयंपूर्ण. देवा रे! मी तो शेरा विशे सरांना वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ खोकत होते.

*

तालुक्याला साहित्यवाटपाचा कार्यक्रम असायचा. मंडप, हार, फोटोवाला. अपंग म्हणजे चाकाची खुर्ची, एवढंच आयोजकांना ठाऊक. आमच्या मुलांनाही खुर्च्या मिळाल्या. तानसाच्या बाजूचा एक मुलगा होता, वासरासारखा उधळणारा. त्याला खुर्चीत दाबून बसवावं लागलं, फोटो निघेपर्यंत दोघांनी धरून ठेवलं. फोटो निघाला आणि पोरगा पसार!

खुर्ची बापानं वाडीवर नेली. तिथं धरण डोळ्यासमोर, पाणी सगळं पाइपातून मुंबईला, आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर. खुर्चीवर दोन हंडे नीट बसतात, हे पहिल्याच दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी त्याच मंडपात पाहुण्यांनी माइकवरून बापाला विचारलं, "खुर्चीचा उपयोग होतो का?"

"लय होतो!" बाप म्हणाला. "आनखी एक द्या. बायको म्हनते, एक फेरी वाचंल."

पाहुण्यांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

*

एकदा इन्स्पेक्शन नेमकं भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीच्या दिवसांत आलं. आवणीला आमच्याकडे घरात कुणी राहत नाही. आईबाप येऊन मुलांना घेऊन जातात, चार दिवसांत परत आणून सोडतात. वर्षानुवर्षांची रीत. ऑफिसला तिची काय कल्पना!

साहेब आले तर शाळेत सोमी आणि आणखी दोघं. सोमीच्या आईला स्वतःचं शेत नव्हतं, दुसऱ्याच्या चिखलात मुलगी कुठं नेणार?

"पट दाखवता एवढा, आणि मुलं कुठायत? पट घसरला तर मान्यता जाते, माहीत आहे ना?"

विशे सरांनी साहेबांना छत्री दिली आणि सरळ बांधावर नेलं. मी मागोमाग. या शेतात आमचा एक, पलीकडे दोन, खाचरात वाकून रोपं लावतायत. सर नावानं हाक मारायचे, मूल मान वर करून हात हलवायचं, साहेब खूण करायचे. चिखलात पाय रुतवत बांधावर हजेरी झाली.

साहेबांचा संशय काही जाईना. एका बापाला त्यांनी विचारलं, "हा मतिमंद आहे ना? मग हे काम कसं जमतं याला?"

बाप कमरेत वाकलेलाच होता. वर न बघता म्हणाला, "आवनीला हात लागतात साहेब. डोकं नाय लागत."

त्या वर्षीची मान्यता वाचली.

*

पुढं कुठंतरी कागदावरच्या शाळा सापडल्या. मुलं नाहीत, ग्रँट चालू. ज्यांनी खाल्लं ते खाऊन मोकळे झाले, आणि फेरतपासणी लागली आमच्या मागे. प्रत्येक मुलाला पुन्हा मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, डॉक्टरांच्या बोर्डापुढे बसवायचं. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली निघालं की सर्टिफिकेट रद्द, पटावरून नाव कमी, वसतिगृह बंद.

आमचं काय चुकलं सांगू? आम्हाला वाटलं, पाहुण्यांपुढे जायचंय. शाळेची लाज राखायची! विशे सरांनी तपासणीला जाणाऱ्या पहिल्या तुकडीतल्या पांडूला महिनाभर घोकवलं. केसांना तेल, शर्टाला इस्त्री. पांडू डॉक्टरांपुढे उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "नमस्कार डॉक्टर! माझं नाव पांडुरंग. माझी शाळा खूप छान आहे. मी रोज दात घासतो!"

त्याला एवढंच येत होतं. पाणी हवं असलं तरी तो हेच म्हणायचा. पण बाहेर रांग गेटपर्यंत गेलेली, डॉक्टर सकाळपासून जेवले नव्हते. त्यांनी कौतुकानं पांडूचा गाल धरला. "अरे वा, हा तर हुशार आहे!"

आणि चाळीसच्या खाली आकडा घातला. मी भांडले, विशे सरांनी हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे हो!"

परतीच्या एसटीत पांडू कंडक्टरला सांगत होता, मी रोज दात घासतो. विशे सर खिडकीबाहेर बघत बसले होते. मुरबाड आलं तेव्हा म्हणाले, "बाई, आपण फार चांगलं शिकवलं."

पांडू पुढं स्टँडवर दिसायचा. येणाऱ्या प्रत्येक गाडीला नमस्कार करायचा. लोक त्याच्या हातावर पैसे ठेवायला लागले.

*

दुसऱ्या तुकडीत सोमी होती.

विशे सरांनी आम्हाला बसवून सांगितलं, "या वेळी काही शिकवायचं नाही. तेल नाही, इस्त्री नाही. जशी आहेत तशी न्यायची."

मी चिडले. "म्हणजे आता नाटक करायचं?"

"नाटक मागच्या वेळी केलं, बाई."

मला सोमीच्या हातांची भीती वाटत होती. तोंडातून शब्द नाही, पण मणी रंगावारी ओवायची, सगळ्या मुलांची पांघरुणं घडी घालायची. तेवढं कुणी बघितलं आणि पांडूसारखं झालं तर? घरी मेढ तशीच होती. बुधी अजून रोज मोळीला जात होती.

पालक हजर पाहिजे म्हणून बुधी आली. धुतलेलं लुगडं, पाय धुळीनं भरलेले. मुलगी शाळेत राहायला लागल्यापासून ती दर बाजाराच्या दिवशी यायची, सोमीपुढे बसायची आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायची, "आये. बोल गो, आये." सोमी तिच्या बांगड्यांशी खेळायची. बुधी तासभर तेच म्हणायची आणि मग एसटी धरायला जायची. कधी तिनं तक्रार केली नाही.

जाताना मी तिला पांडूचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मंग हिला काय येतंय ते सांगायचा नाय?"

"नाही."

"बरा," ती म्हणाली.

आत डॉक्टरांनी मणी पुढे केले. सोमीनं हात लावला नाही, भेदरून बसली होती. मी मनात देवाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "बोलते का काही?"

"नाय," बुधी म्हणाली.

"एखादा शब्द?"

"नाय साहेब."

त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात मागं नर्सच्या हातून ट्रे पडला. केवढा आवाज! सोमी उडालीच. दोन्ही हातांनी तिनं बुधीचा पदर धरला, तोंड वर केलं आणि म्हणाली, "आये!"

स्पष्ट. इतक्या वर्षांत त्या मुलीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. विशे सर खुर्चीतून अर्धे उठले होते.

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते बुधीकडे वळले. "बोलली की! आईला ओळखते, हाक मारते. बाई, तुम्ही तर म्हणालात, बोलत नाही?"

सोमी पदर ओढत होती. आये, आये. बुधीनं तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"नाय साहेब," ती म्हणाली. "ती कोनालापन आये म्हनते."